रक्षावेलीची कुळी

दगाच्या केळीबागेत त्या दिवशी इतकी माणसं शिरली होती, की केळीपेक्षा टोप्याच जास्त दिसत होत्या. ठिबकच्या नळ्या पायाखाली चेपत होत्या, दोन ठिकाणी फुटून पाणी उडत होतं. एरवी नळीवर कोंबडीने पाय दिला तरी तिच्या मालकाचा उद्धार करणारा दगा हात जोडून उभा होता, कारण बागेच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल टाकून हरियाली बाबा बसला होता.

बाबाचा फेटा हिरवा, शाल हिरवी, बोटांतल्या अंगठ्या हिरव्या. एवढ्यावर भागलं नाही म्हणून चष्म्याच्या काचाही हिरव्या.

"त्या चष्म्यातून कडब्याची गंजीसुद्धा हिरवी दिसत असेल," मागच्या रांगेतून सोजरबाई म्हणाली. पुढच्या दोघी फिसकन हसल्या, तिसरीने डोळे वटारले.

दिवस श्रावणातले. कानबाईचा सण, तिचे रोट होऊन गेले आणि तेव्हापासून तुकईथड गावात ऊन म्हणून पडलं नव्हतं. आभाळ डोक्याला टेकलेलं, सारखी झिमझिम, सकाळी अंगावर काही घेतल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं. मृगात लावलेली केळी कमरेला आली होती आणि नेमकी तेव्हाच बिघडली होती. पानांवर पिवळे पट्टे उठत होते, धुताना काठाचा रंग उतरून लुगड्यावर ओघळावा तसे. पान अरुंद आणि चिवट व्हायचं, मग मधला पोगाच, न उलगडलेल्या कोवळ्या पानाची सुरळीच, सडायची. असं खोड वर्षभर पाणी पितं, खत खातं आणि शेवटी घड द्यायच्या वेळी तोंड फिरवतं.

"बच्चा लोग!" बाबाने हात वर केला. "केळ कोण आहे? केळ माँ आहे! तिच्या बुडाशी पिलं खेळतात. आणि सरकारी माणसं काय सांगतात? पिवळी दिसली की उपटा. अरे, ये तो गर्भहत्या हुई ना!"

बाबाची मराठी अर्धी हिंदी होती. बुऱ्हाणपूरकडे त्याचं कुणाला नवल नाही. नवल होतं ते हे, की दोन्ही भाषा मिळूनही त्याच्याकडे एक धड वाक्य नव्हतं. तरी लोक माना डोलवत होते.

"नौ दिन! माझं तीर्थ शिंपडा. एक खोड उपटू नका. नवव्या दिवशी नवं पान हिरवंगार निघेल, नाही निघालं तर हा फेटा तापीत टाकीन." मग त्याने आवाज खाली आणला. सोजरबाईला तेव्हाच कळलं की आता खरा माल बाहेर निघणार. "मगर दोष कुठून आला? एका माँला दुसऱ्या माँचं दुःख लागतं. ज्या बाईचं पोट पडलं, तिची सावली बागेत पडली. तिथून पिवळं निघालं, बच्चा."

माना वळल्या. चैत्रात पाचव्या महिन्यात पोट पडलेली बाई गावात एकच होती. सोजरबाईची सून, पूर्णिमा. ती सासूच्या शेजारीच उभी होती. तिने पदर कपाळाखाली ओढला आणि मागच्या मागे बांधाकडे चालू लागली.

सोजरबाईने मुलाकडे पाहिलं. समाधान मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. लहानपणी दुधाची साय चोरून खाल्ली की असाच उकरायचा.

बाबाने मग तीर्थाचा तांब्याचा हंडा मागवला. "हे घरोघर वाटायचं काम गावातल्या सर्वांत मोठ्या, मानाच्या बाईचं. सोजरमाता कौन है?"

गावात यायच्या आधी हे लोक सर्वांत तोंडाळ बाई कोण हे विचारूनच आले असणार. हातात मान ठेवला की तोंड बंद होतं, असा त्यांचा हिशेब. सोजरबाई पुढे झाली, हंडा घेतला, वाकून नमस्कारही केला. समाधानला वाटलं, आपली माय नरमली. तिच्या पोटी जन्मून, एवढी वर्षं तिच्या हातचं खाऊनही पोराला आई कळली नव्हती.

घरी आल्यावर त्याने शर्ट खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "माय, पूर्णिमेने बागेत नको यायला."

"बरं."

"आणि... घड निघेपर्यंत माहेरी राहिली तर बरं, असं दगाकाका म्हणून राहिले."

"दगाने स्वतःच्या बायकोला दोनदा माहेरी धाडलं होतं. एकदा पोरगी झाली म्हणून आणि एकदा म्हैस आटली म्हणून." सोजरबाईने भाकरी उलटली. "म्हैस कुठल्या बाईच्या सावलीने आटली होती, ते विचार त्याला."

"माय, सगळ्या गावासमोर मी शब्द दिला. एक खोड उपटणार नाही म्हणून."

"शब्द तुझा, खोडं माझी आणि सून माझी. पोळ्यापर्यंत थांब. मग बोलू."

चुलीपाशी पूर्णिमा पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, खरंच माझ्यामुळे झालं असेल तर?"

"तुझ्यामुळे झालं असतं तर तुझ्या दारातली तुळस आधी मेली असती. रोज सकाळी तिच्यावर सावली पडते तुझी. ती बघ, कशी गच्च झाली आहे."

सोजरबाईची शाळा तिसरीत सुटली होती. अक्षरं तिला जुळवून जुळवून वाचावी लागत. पण चार हजार खोडांची तिची बाग ती रोज सकाळी सरीसरीने फिरायची, आणि कुठल्या सरीत कितवं खोड कसं आहे हे तिला तोंडपाठ होतं. म्हणून एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. पिवळं पूर्वेच्या बांधाकडून सुरू झालं होतं आणि रोज एकेक सरी आत सरकत होतं. पूर्णिमा बागेत यायची ती पश्चिमेच्या वाटेने. तिची सावली बांधावरून उडी मारून पूर्वेला गेली असेल, तर मग ती सावली नव्हती, माकड होतं.

पूर्वेच्या बांधावर काय होतं? रक्षावेल. आषाढात बाबाचा चेला लीलाधर जीपमधून ट्रे भरभरून रोपं घेऊन आला होता. प्रत्येक रोपाला लाल दोरा. "बांधावर लावा, बागेला नजर लागत नाही." पोरांना वाटलं काही अपूर्व वनस्पती आहे. सोजरबाईने पान चुरून वास घेतला. काकडी! निव्वळ काकडी! काकडीला लाल दोरा बांधला की ती रक्षावेल होते, हे तिला त्या दिवशी कळलं. समाधानने तरी एकाच बांधावर लावली, दगाने चारही बाजूंनी.

आता वेलीच्या पानांवरही पिवळे ठिपके होते. "बघा," लीलाधर सांगत फिरायचा, "वेल रोग आपल्या अंगावर घेते!"

दुसऱ्या दिवशी सोजरबाईने वेलीची पानं एका पिशवीत आणि केळीच्या पानाचा तुकडा दुसऱ्या पिशवीत घातला आणि बसने बुऱ्हाणपूर गाठलं. इतवाऱ्याच्या बाजारात पातळ घ्यायचं आहे असं घरी सांगितलं. गेली ती पिकांचे रोग बघणाऱ्या सरकारी बाईंकडे. या रुपालीबाई मागे गावात येऊन 'पिवळी खोडं उपटा' असं सांगून गेल्या होत्या आणि दगाने त्यांना गर्भहत्येचं पाप सांगून परत पाठवलं होतं.

"बाई, मला एवढंच सांगा," सोजरबाईने पिशव्या टेबलावर ठेवल्या, "हा रोग चालतो कसा? पाय तर दिसत नाहीत."

रुपालीबाईंनी काकडीचं पान उलटं केलं आणि भिंग दिलं. पानाच्या पाठीवर बारीक, हिरवट किडे चिकटून बसले होते.

"मावा," सोजरबाई म्हणाली. "कपाशीवर असतो."

"तोच. काकडीवर याचं घर. केळ याला फारशी आवडत नाही. उडता उडता बसतो, सोंड खुपसून चव घेतो, पुढच्या खोडावर जातो. पण वेलीतला विषाणू तोवर सोंडेला लागलेला असतो."

"म्हणजे एकाच उष्ट्या चमच्याने अख्ख्या पंगतीची ताटं चाखत जाणारा."

"अगदी तसाच! म्हणून तर केळीजवळ काकडी, दुधी, टरबूज लावू नका म्हणतो आम्ही. यावर औषध नाही, मावशी. रोगट खोड उपटून गाडायचं, म्हणजे पुढचं वाचतं."

"आणि हिरवं कसं होणार ते? नऊ दिवसांची बोली आहे."

रुपालीबाईंनी मोबाईल काढून पुढे धरला. पडद्यावर ओळीने ढगांची चित्रं होती, आणि पाच ढगांनंतर पिवळा गोल सूर्य. "हा रोग गारठ्यात, ढगाळ हवेत पानावर दिसतो. ऊन तापलं की लपतो, नवं पान चांगलं निघतं. खोडात मात्र तसाच असतो. ढग आले की परत पट्टे."

"पाहुण्यांसमोर गोड बोलणारा नवरा," सोजरबाई म्हणाली. "पाहुणे गेले की परत तोच." मग ती त्या सूर्याकडे बघत राहिली. "हे चित्र माझ्या मोबाईलात येईल का?"

चित्र आलं, रोज आपोआप बदलणारं. पानं बाई मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. "पण एवढ्याने भागणार नाही. मी गावातल्या बाकीच्या बागांतली पानंही गोळा करते. अहवालाला तीन आठवडे लागतील. तोवर तुमची तरी पिवळी खोडं उपटा. आज किती आहेत?"

"साठ."

"महिन्याने चारशे होतील."

 परत येताना बसमध्ये सोजरबाईने साठ आणि चारशे मनात तोलून पाहिले. आजच उपटली तर बाग वाचते. पण नवव्या दिवशी गावभर हिरवं निघणार, बाबाचा जयजयकार होणार, पुन्हा ढग आले की बोट पूर्णिमेकडेच वळणार, आणि 'हिच्या सासूने गर्भहत्या केली' हे वर. मग सून माहेरी जाणार आणि परत येणं अवघड होणार. खोडं पुन्हा लावता येतात. तिने साठ खोडं जमिनीत राहू दिली, आणि पुढे रोज सकाळी त्यांची संख्या वाढताना दात आवळून बघितली.

तीर्थ मात्र तिने चोख वाटलं. दारोदार, पळीपळीने, "जय हरियाली" म्हणत.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. कडक, पाठ भाजणारं. नवव्या दिवशी दगाच्या बागेत नवं पान निघालं, तळहातासारखं स्वच्छ. मग काय विचारता! ढोल आले, जीप आली, हिरवे फेटे वाटले गेले. दगा एकेका खोडाच्या पाया पडत सुटला. शेजारच्या गावांतून माणसं ट्रॅक्टर भरून येऊ लागली आणि प्रत्येक जण जाताना काकडीच्या वेलीचा एक ट्रे घेऊन जाऊ लागला. पोळ्यानंतर बाबाचा भव्य सत्कार ठरला.

पोळा झाला, आणि आभाळ परत भरून आलं. चौथ्या दिवशी पानांवर पट्टे उठले, यावेळी आधीपेक्षा जास्त. सत्काराचा मांडव तोवर उभा राहिला होता.

बाबा डगमगला नाही. या धंद्यात डगमगायचं नसतं, एवढं सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. मांडवात बसल्या बसल्या त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "किसी ने मेरा हुकूम मोडा. ती बाई अजून गावात आहे."

दगा उठला. "समाधान, आता तरी ऐक. गावाच्या पोटावर पाय का देतो?"

समाधान पूर्णिमेला घेऊन आला होता. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. बाबाच्या पाया पडून तिथूनच बस धरायची, असं ठरवून आणलेलं. ती पुढे झाली तेवढ्यात सोजरबाईने तिचा दंड धरला आणि स्वतःच्या बाजूला बसवलं.

"थांब व पोरी. आधी मला बाबाला हंडा परत करू दे. मानाचा आहे."

तिने हंडा बाबासमोर ठेवला आणि झाकण काढलं. काठोकाठ भरलेला होता. वर शेवाळ धरलं होतं.

"हे तुमचं तीर्थ, बाबा. थेंबही सांडला नाही. माळ्यावर होतं महिनाभर."

"मग आम्ही काय शिंपडलं?" दगाने विचारलं.

"माझ्या म्हशीच्या हौदातलं पाणी, भाऊजी."

मांडवात कुठून तरी एक हसू फुटलं आणि पसरत गेलं. दगाचा चेहरा पडला. त्याने नुसतं शिंपडलं नव्हतं, रोज चमचाभर पोटातही घेतलं होतं.

"सगळ्या गावात म्हशीचं पाणी गेलं आणि सगळ्या गावात पान हिरवं निघालं," सोजरबाई म्हणाली. "आता फेटा बाबाला बांधायचा की म्हशीला, ते ठरवा."

बाबाने हात उंचावला. "माता, पाणी निमित्त आहे. कृपा तो हम दूर से भी भेजते हैं!"

"दुरून पाठवता? मग आज तर समोरच आहात. हे बघा," तिने पदराखालून पट्टे पडलेलं पान काढलं, "माझ्या पूर्वेच्या बांधाजवळचं. आज, आत्ता, नवं पान हिरवं करून दाखवा."

"ऐसे नहीं होता. साधना लागते." बाबाने शेजारी पाहिलं. लीलाधरने मांडीआड मोबाईल धरून बोट सरकवलं आणि बाबाच्या कानाशी लागला. "बारह दिन," बाबा म्हणाला. "यावेळी दोष मोठा आहे. बारह दिन!"

सोजरबाईने आपला मोबाईल उघडला आणि पुढे बसलेल्या बायकांकडे दिला. "मला वाचता येत नाही नीट, तुम्ही सांगा. ढग किती आहेत?"

बायका बोटं ठेवून मोजू लागल्या. "आठ, नऊ... नऊ ढग. मग सूर्य."

"नऊ दिवसांनी ऊन. तीन दिवस उन्हात नवं पान निघायला. बारा झाले. मागच्या वेळी बाबा बोलले त्या दिवशी सहा ढग होते, दुसऱ्या दिवशी मी पाच पाहिले; सहा आणि तीन, म्हणून नऊ सांगितले होते." ती बाबाकडे वळली. "असं करा ना बाबा. लीलाधर तिथे काय बघून राहिला, ते सगळ्यांना दाखवा."

लीलाधरने मोबाईल खिशात घातला. एवढ्या घाईने घातला, की जे दाखवायचं नव्हतं ते सगळ्यांना दिसलं.

"ऊन तापलं की हा रोग लपतो, मरत नाही," मांडवाच्या कडेने आवाज आला. रुपालीबाई आल्या होत्या, हातात अहवाल घेऊन. सोजरबाईनेच त्यांना वेळ सांगून बोलावलं होतं. "बाबांच्या ट्रेमधून आलेली वेल, सोजरमावशींची केळी आणि गावातल्या बारा बागांतली पानं आम्ही तपासली."

"बाई, साध्या भाषेत," दगा कुरकुरला.

"साध्याच भाषेत सांगते. माणसांत घराणी असतात तशी या विषाणूतही कुळ्या असतात. नाकडोळे बघून आपण सांगतो ना, हा अमक्याचा नातू, तसं आम्ही आतली ठेवण बघून सांगतो. तुमच्या गावात पूर्वीपासून एक जुनी कुळी आहे, तुरळक, कुठे दोन खोडं, कुठे चार. या रक्षावेलीत मात्र वेगळीच कुळी निघाली. बाराजणांपैकी आठांनी वेल लावली होती. त्या आठही बागांत केळीतला विषाणू वेलीच्याच कुळीचा. ज्या चौघांनी लावली नाही, त्यांच्याकडे फक्त जुना, तोही थोडा."

मांडवात बसलेले आठजण एकमेकांकडे बघू लागले. वेल न लावलेल्या चौघांपैकी एक, म्हातारा सुकलाल, मोठ्याने म्हणाला, "मी लावली नाही, कारण मला काकडीने ढेकर येतात." पण आता कुणाला हसू आलं नाही.

"म्हणजे रोग यांनीच आणला?" समाधानने उठून विचारलं.

"मुद्दाम आणला म्हणावं, तर तेवढी अक्कल यांच्यात नाही," सोजरबाई म्हणाली. "कुठून तरी रोगट काकडीची रोपं उचलली, दोरे बांधले आणि वाटली. पुढचं माव्याने केलं. या दोघांनी फक्त सूर्याचं श्रेय घेतलं, आणि रोगाचं खापर..." तिने पूर्णिमेच्या पाठीवर हात ठेवला. "चैत्रात माझं नातवंड गेलं. डॉक्टरीण म्हणाली, अंगात रक्त कमी होतं, पोरीचा दोष नाही. तेव्हा मी रडले नाही, हिला सावरायचं होतं. आणि हा हिरवा बुजगावणा येतो आणि माझ्या घरातल्या दुःखाला केळीच्या बुडाशी टाकतो? अरे, बाईची सावली एवढी ताकदीची असती तर तू आज या मांडवात बसलास कसा? आम्ही सगळ्या जणी तुझ्यावर एकेकदा उभ्या राहिलो असतो!"

बाबा उठला. जाताना काही शापबिप द्यावा असा त्याचा विचार असावा, कारण त्याने कमंडलू उचलला. पण बायका आधीच जीपपाशी पोचल्या होत्या आणि ट्रेमागून ट्रे खाली उतरवत होत्या. कुणीतरी रॉकेलची बाटली आणली. ओल्या काकडीच्या वेली लवकर पेटत नाहीत, फसफस धूर करतात. त्या धुरातून हिरवा फेटा खोकत खोकत जीपमध्ये चढला. फेटा तापीत टाकायचं वचन मात्र त्याने पाळलं नाही.

त्याच दुपारी समाधानने विळा काढला. बागेच्या वाटेवर थांबून म्हणाला, "पूर्णिमा, चल."

ती हलली नाही. "तुम्ही येऊ नको म्हणाला होतात."

"चुकलो."

"गावासमोर म्हणाला होतात. चुकलो हेही गावासमोर म्हणा."

सोजरबाईने तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. सून शेवटी शिकली होती. समाधान मागे वळला, पारावर बसलेल्या दगासमोर आणि बाकीच्यांसमोर तीन शब्द बोलला, "माझीच चूक झाली," आणि मगच पूर्णिमा बागेत शिरली, पूर्वेच्या बांधाने, मुद्दाम. पहिलं पिवळं खोड तिनेच कंदासकट उपटलं. साठ होती ती आता चारशे बारा झाली होती. दोन दिवस लागले. पाठोपाठ दगाच्या बागेतूनही माती उकरल्याचे आवाज यायला लागले. त्याच्याकडे पंधराशे होती.

उपटलेली खोडं गाडून सोजरबाई खड्डा बुजवत होती, तेव्हा दगा बांधावर आला. "वहिनी, म्हशीचं पाणी पाजलंत हो मला."

"त्याने काही बिघडलं नाही तुमचं, भाऊजी. बिघडलं ते डोळे असून न बघितल्याने. पट्टा कोणत्या बांधाकडून आला, हे माझ्यासारख्या तिसरीच्या बाईला दिसलं. तुम्ही तर दहावी शिकलात." ती खड्ड्यावर शेवटची पाटी टाकून हात झटकू लागली. "देवाला हात जोडा, नाही कोण म्हणतं? पण पान पिवळं झालं तर पान बघा. पानाच्या पाठीमागे काय बसलंय ते बघा. आभाळ बघा. बाईच्या पोटाकडे बघू नका. तिथे उत्तर नाही, कधीच नव्हतं."

 दगा आपल्या बांधावर गेला, खाली वाकला आणि चारही बाजूंच्या वेलींचं एकेक पान उलटं करून बघू लागला.